आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा का दाखवतो?

गणपती जवळ आले की ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये कुणाच्या तरी हॉलमधला ॲम्प्लिफायर खाली मंडपात येतो आणि त्याच्या एकेका चॅनेलवर चार-चार बॉक्स चढतात. स्पीकरचे वॅट ॲम्पपेक्षा जास्त आहेत ना, एवढंच बघितलं जातं. आधी बघायला हवेत ओहम, म्हणजे स्पीकर प्रवाहाला किती विरोध करतो ते.

बॉक्समागे 8 ओहम छापलेलं असतं. मल्टिमीटर लावला की जेमतेम 6 येतात आणि दुकानदाराने फसवलं असं वाटतं. त्याने फसवलेलं नसतं. मीटर बॅटरीवर चालतो, त्याचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि स्पीकरमधली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, हलत नाही. त्याला कॉइलच्या तांब्याचाच रोध दिसतो. गाणं लागलं की कॉइल चुंबकाच्या फटीत पुढे-मागे धावते, आणि चुंबकीय क्षेत्रात धावणारी तार स्वतःच व्होल्टेज तयार करते. लेन्झच्या नियमाप्रमाणे ते ॲम्पच्या व्होल्टेजला आडवं येतं. बंद बॉक्समधल्या वूफरचा (खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा) अनुनाद, म्हणजे तो सर्वात सहज डोलतो ती वारंवारता, समजा 50 हर्ट्झला असेल, तर तिथे कॉइलचा वेग सर्वाधिक, म्हणून विरोधही सर्वाधिक: तोच स्पीकर 30 ओहमचा होऊ शकतो. दोन-अडीचशे हर्ट्झला वेग ओसरतो आणि आकडा साडेसहा-सातवर उतरतो. त्याहून वरच्या स्वरांना कॉइलच्या प्रवर्तकतेमुळे, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याच्या गुणामुळे, तो पुन्हा चढतो. पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या, बॉक्सला खालच्या स्वरांत एकाऐवजी दोन शिखरं येतात. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकानुसार 8 ओहमचा स्पीकर 6.4 च्या खाली उतरता कामा नये.

ॲम्पचा कस लागतो तो या दरीत. 20 व्होल्टला 8 ओहम अडीच अँपिअर ओढतात. चार बॉक्स पॅरलल लावले की उरतात 2 ओहम आणि प्रवाह होतो 10 अँपिअर. ट्रान्झिस्टर तापतात, प्रोटेक्शन पडतं, नाहीतर लहरींचे माथे छाटले जातात. या क्लिपिंगमध्ये ट्विटरच्या (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) वाट्याला झेपेल त्याहून जास्त सरासरी शक्ती येते आणि त्याची कॉइल जळते. छोटा ॲम्प कान फाटेस्तोवर वाजवला तर मोठ्या स्पीकरचाही ट्विटर जातो, तो असा.

खोक्यावरचे हजारो पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल शक्तीचे) वॅट विसरा, ती निव्वळ जाहिरात, आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचे वॅट बघा. महागड्या वायरचंही तेच, अडीच चौरस एमएमची साधी तांब्याची वायर घरात पुरते. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्तीला बॉक्स किती आवाज देतो ते, मात्र जरूर बघा: 87 ऐवजी 90 डेसिबलचा बॉक्स घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती लागते.

एका चॅनेलवर चार सारखे बॉक्स लावायचेच असतील तर दोन-दोन सिरीजमध्ये जोडून त्या दोन जोड्या पॅरलल करा. एकूण पुन्हा 8 ओहमच. ॲम्पला वायर लावण्याआधी टोकांवर मीटर धरा. सहाच्या आसपास आकडा आला तर जोडणी बरोबर. दीडच्या आसपास आला तर चारही पॅरलल झालेत. ॲम्प चालू करू नका.