लांबलेली प्रायमरी (अमेरिका)

लांबलेली प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची आतली निवडणूक लवकर न मिटता महिनोनमहिने रेंगाळणं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत याचा पक्षाला फटका बसतो का, हा राज्यशास्त्रातला जुना वाद, आणि टीव्हीवर सांगतात तितका तो सरळ नाही.

प्रायमरीचा उगम नेमका कुठला यावर एकमत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या क्रॉफर्ड काउंटीत १८४२ च्या सुमारास डेमोक्रॅट लोकांनी थेट मतदानाने उमेदवार निवडले असं बरेच जण धरतात, पण ती पक्षाची घरगुती सोय होती, कायदा नव्हे. फ्लोरिडाचा १९०१ चा कायदा कागदावर पहिला म्हणता येईल, फक्त त्यात सक्ती नव्हती, त्यामुळे रॉबर्ट ला फॉलेट गव्हर्नर असतानाचा विस्कॉन्सिनचा १९०३ चा कायदाच खरी सुरुवात मानणं जास्त पटतं. अध्यक्षपदासाठी ओरेगन, १९१०. लगेच १९१२ ला पहिली मोठी मारामारी झाली, रिपब्लिकन पक्षात माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट बहुतेक प्रायमऱ्या जिंकले तरी तिकीट टाफ्टना, मग रूझवेल्ट वेगळा पक्ष काढून उभे राहिले, मतं फुटली, डेमोक्रॅट विल्सन निवडून आले आणि विद्यमान अध्यक्ष टाफ्ट फक्त ८ इलेक्टोरल मतांवर (राज्याराज्यांतून मिळणाऱ्या, अध्यक्ष ठरवणाऱ्या मतांवर) आटोपले.

आजच्यासारखी लांबण मात्र १९६८ नंतरची. त्या वर्षी उपाध्यक्ष हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅट उमेदवार झाले, शिकागोत पक्षाच्या अधिवेशनावेळी राडा झाला, मग पक्षाच्याच मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने नियम बदलले आणि पक्षाच्या दादालोकांच्या हातून निवड मतदारांकडे गेली. त्यात डेमोक्रॅट पक्ष डेलिगेट (अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मतांच्या प्रमाणात वाटतो, १५ टक्क्यांच्या वर असलेल्या प्रत्येकाला काहीतरी मिळतंच, म्हणून मागे पडलेला माणूस पण पटकन घरी जात नाही.

नुकसान होतं म्हणणाऱ्यांचं आवडतं उदाहरण १९८०. डेमोक्रॅट पक्षात विद्यमान अध्यक्ष कार्टर विरुद्ध सिनेटर टेड केनेडी, भांडण थेट ऑगस्टमधल्या न्यूयॉर्कच्या अधिवेशनापर्यंत गेलं. शेवटच्या रात्री मंचावर कार्टरना केनेडींसोबत हात उंचावलेला फोटो हवा होता, केनेडी आले, हात मिळवला, इकडेतिकडे फिरले, पण तो फोटो काही मिळू दिला नाही. नोव्हेंबरात इलेक्टोरल मतं रिपब्लिकन रेगन ४८९, कार्टर ४९. १९७६ चे फोर्ड, १९९२ चे थोरले बुश या अध्यक्षांचंही तसंच, पक्षातून आव्हान आणि मग पराभव.

पण गोची इथेच आहे. अध्यक्ष आधीच कमकुवत असतो म्हणून आव्हान येतं, की आव्हानामुळे कमकुवत होतो? १९८० ला महागाई होती, इराणमधले ओलीस होते, केनेडी उभे राहिले नसते तरी ते होतंच. राज्यशास्त्रज्ञ अँड्र्यू हॅकर यांनी १९६५ मध्येच गव्हर्नर आणि सिनेटच्या निवडणुका तपासून परिणाम फारसा दिसत नाही असं मांडलं. नंतर काहींना परिणाम सापडला, पण लोना अ‍ॅटकेसन यांनी १९९८ मध्ये अर्थव्यवस्था, अध्यक्षांची लोकप्रियता वगैरे हिशोबात धरली आणि अध्यक्षीय निवडणुकीत तो जवळपास उरत नाही असं दाखवलं. सध्या कल याच बाजूला आहे. काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) जागांचं वेगळं, तिथे दक्षिणेतल्या राज्यांत प्रायमरीची दुसरी फेरी (पहिल्या फेरीत कुणालाच पुरेशी मतं नसली की होते ती) थोडक्यात लागलेले आणि थोडक्यात टळलेले मतदारसंघ शेजारी ठेवून पाहिले तर फेरी लागलेल्या पक्षाचं नुकसान दिसतं.

नाराजांचं काय? आपल्याकडे तिकीट कापलं की माणूस दुसऱ्या दिवशी अपक्ष अर्ज भरतो, तिकडे बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत पुन्हा उभं राहता येत नाही. म्हणजे बंडखोरी मतदारांनीच करायची, घरी बसून किंवा समोरच्याला मत देऊन.

२००८ ला डेमोक्रॅट पक्षातली ओबामा-हिलरी क्लिंटन लढत ३ जानेवारीपासून ३ जूनपर्यंत चालली, रिपब्लिकन मॅकेन मात्र ४ मार्चलाच उमेदवारी पक्की करून मोकळे झाले होते. तयारीला एवढा जादा वेळ मिळूनही मॅकेन हरले. ओबामांना तर उलट लांबणीचा फायदा झाला असंही म्हणतात, कारण एरवी मे महिन्यात कुणी ढुंकून न बघितलेल्या इंडियानात त्यांना ऑफिसं उघडावी लागली, नवे मतदार नोंदवावे लागले. तिथली प्रायमरी ते थोडक्यात हरले आणि नोव्हेंबरात राज्य जिंकले, १९६४ नंतर पहिल्यांदाच डेमोक्रॅट. अर्थात सप्टेंबरमध्ये बँका कोसळल्या हे विसरून चालणार नाही.

२०१६ च्या एका मोठ्या सर्व्हेत हिलरींचे प्रायमरीतले प्रतिस्पर्धी सँडर्स यांच्या मतदारांपैकी साधारण १२ टक्के नोव्हेंबरात ट्रंपकडे गेल्याचं निघालं आणि हिलरींच्या पराभवाचं खापर त्यांच्यावर बरंच फुटलं. २००८ मध्ये हिलरींचे जे मतदार मॅकेनकडे गेले त्यांचं प्रमाण सर्व्हेंमध्ये याहून जास्तच येतं, तरी ओबामा जिंकले.