श्वासध्यान : नाशिक परिसरातील परंपरा

श्वासाच्या आधाराने चित्त स्थिर करण्याच्या साधनांना श्वासध्यान म्हणतात. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीचे विपश्यना केंद्र, त्र्यंबकेश्वरची नाथपरंपरा, गजपंथ व मांगीतुंगी ही दिगंबर जैन सिद्धक्षेत्रे आणि शहरातले योगवर्ग अशी या साधनांची निरनिराळी घराणी आढळतात. आनापानात श्वास नुसता पाहायचा असतो, अजपाजपात त्याला नाम जोडायचे असते आणि प्राणायामात त्याची गती बदलायची असते. नवखा साधक बहुधा अडतो तो हे तिन्ही प्रकार एकाच बैठकीत करू लागल्यामुळे.

आनापान : मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील ११८ व्या सुत्तात याच्या १६ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्या काया, वेदना (सुखदुःखाची जाणीव), चित्त व धम्म (मनात उमटणारे विषय) अशा चार गटांत येतात. पहिली पायरी एवढीच की श्वास दीर्घ असला तर दीर्घ आहे हे जाणावे. ब्रह्मदेशातील ध्यानाचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून मिळालेली पद्धत सत्यनारायण गोयंका यांनी भारतात आणली आणि इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून तिची शिबिरे भरू लागली. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले साडेतीन दिवस केवळ आनापान असते, पहाटे चारच्या घंटेपासून. आधी नाकपुड्यांच्या दाराशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, मग नाक व वरचा ओठ मिळून होणाऱ्या त्रिकोणात त्याचा स्पर्श, पुढे त्याच जागेतल्या संवेदना. शेवटी लक्ष नाकपुड्यांखालच्या, ओठावरच्या चिमूटभर जागेवर आणायचे. जागा जितकी लहान तितके मन सूक्ष्म होते, म्हणून हा क्रम बदलत नाहीत. मंत्र, मोजणी, मूर्ती यांतले काहीही सोबत घ्यायचे नाही. बुद्धघोष या प्राचीन भाष्यकाराच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात मात्र आरंभी मोजणी सांगितली आहे. ती पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये.

पाहू लागताच श्वास आपोआप खोल होतो, ही पहिली अडचण. तो मुद्दाम उथळ करण्याच्या फंदात पडू नये. लक्ष नाकाशी ठेवले की थोड्या वेळाने तो स्वतःच्या चालीवर येतो. स्पर्श जाणवेनासा झाला तर चार-दोन श्वास जरा जोराने घ्यावेत आणि लगेच सोडून द्यावेत. पेंग आली तरी हाच उपाय. न भागल्यास उठून फिरावे. एका वेळी एकच नाकपुडी मोकळी असणे स्वाभाविक आहे, काही तासांनी बाजू बदलते. जी वाहते तिथेच लक्ष ठेवावे. भरल्या पोटी बसणे मात्र वायाच जाते.

नाशिकजवळच्या पांडवलेणी या २४ बौद्ध लेण्यांत भिक्षूंच्या खोल्या व दगडी बाक आहेत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात २० भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूंच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण नाण्यांची तरतूदही नोंदलेली आहे. पण असे लेख दानाचे असतात. तिथले भिक्षू नेमके कोणते ध्यान करीत, हे त्यांवरून ठरवता येत नाही; स्थानिक माहितीपत्रके ते छातीठोकपणे सांगतात, एवढेच.

अजपाजप : त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांकडे आलेल्या नाथपंथात आत येणारा श्वास ‘सो’ आणि बाहेर जाणारा ‘हं’ मानतात. अहोरात्रात असे २१,६०० श्वास होतात, म्हणजे मिनिटाला १५. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या गतीला हा हिशेब जुळतो. जप श्वासामागे चालवायचा, श्वास जपामागे नव्हे. नाम घाईने म्हटले की श्वास तुटक होतो आणि छातीत दडपण येते.

जैन कायोत्सर्गात (देहाची ममता सोडून निश्चल राहण्याच्या ध्यानात) उलट श्वासच मोजमाप आहे. दिगंबर पद्धतीत एक णमोकार मंत्र तीन श्वासोच्छ्वासांत म्हणतात : ‘णमो अरिहंताणं’ श्वास घेताना, ‘णमो सिद्धाणं’ सोडताना, असे पुढे. नऊ आवर्तनांचे २७ श्वासोच्छ्वास होतात. सूफींच्या पास-ए-अनफास या श्वासजपात ‘ला इलाह’ सोडत्या श्वासावर आणि ‘इल्लल्लाह’ घेत्या श्वासावर असते.

प्राणायाम : नाडीशोधनात (आळीपाळीने एकेका नाकपुडीने करायच्या प्राणायामात) पूरक (श्वास घेणे), कुंभक (रोखणे) व रेचक (सोडणे) यांचे शास्त्रोक्त प्रमाण १:४:२ आहे. नवख्याने तिथून सुरुवात करणे हा हट्टच. आधी कुंभकाशिवाय ४ मात्रा (मोजणीची एकके) पूरक व ८ मात्रा रेचक सहज जमू द्यावा. रेचक धापा टाकत होऊ लागला की पूरक पेलवत नाही असे समजून दोन्ही कमी करावेत. भराभर खोल श्वास घेतल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून ओठांना, बोटांना मुंग्या येतात आणि भोवळ येते. काही साधक याला कुंडलिनीची खूण समजतात. अशा वेळी थांबून साधा श्वास चालू द्यावा. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपणात कुंभक करू नये, आनापान चालते.