घरच्या रेकॉर्डिंगसाठी प्रीअॅम्प घ्यायचाय? आधी माइक बघा

दुकानात येणाऱ्या मंडळींचा नेहमीचा प्रश्न असतो की रेकॉर्डिंगमध्ये मागे सूं आवाज येतो, बोललेलं बारीक येतं, तर चांगला प्रीअॅम्प कुठला घेऊ. त्यावर आम्ही आधी दोनच गोष्टी विचारतो, माइक कुठला वापरताय आणि रेकॉर्ड करताना पंखा चालू असतो का. बऱ्याच वेळा दुखणं तिथेच सापडतं आणि पैसे वाचतात. प्रीअॅम्प विकणं आमचा धंदा आहेच, पण चुकीचा विकलेला डबा कपाटात पडून राहतो आणि गिऱ्हाईक नाराज होतं, ते आम्हाला नकोय. म्हणून खरेदीच्या आधी हे पत्रक एकदा निवांत वाचा.

माइकमधून निघणारा सिग्नल अगदी किरकोळ असतो, मिलिव्होल्टमध्ये, आणि पुढच्या सगळ्या साखळीला लागते लाइन लेव्हल, जी प्रोफेशनल गिअरमध्ये १.२३ व्होल्ट धरतात. एवढी मोठी मजल प्रीअॅम्प मारून देतो, आणि ती मारताना स्वतःचा नॉइज किती कमी मिसळतो यावर त्याची लायकी ठरते. आता महत्त्वाचं असं की तुमच्याकडे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, असेल तर प्रीअॅम्प तुमच्याकडे ऑलरेडी आहे, समोर गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) लिहिलेला नॉब असतो ना तो त्याचाच. यूएसबी माइक असेल तर प्रीअॅम्प माइकच्या पोटातच बसवलेला असतो, त्याला बाहेरून दुसरा लावताच येत नाही, त्यामुळे यूएसबी माइकवाल्यांनी प्रीअॅम्पचा विचार सोडून द्यावा.

हिशेब माइकपासून सुरू करा

प्रत्येक माइकच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते. ९४ डेसिबल आवाज, म्हणजे १ पास्कल, समोर धरला तर माइक किती मिलिव्होल्ट देतो तो हा आकडा. पॉडकास्टवाल्यांचा लाडका शुअर एसएम७बी हा डायनॅमिक माइक, म्हणजे आत वाढवणारं सर्किट नसलेला, देतो १.१२ मिलिव्होल्ट. रोड एनटी१ए हा कंडेन्सर माइक देतो साधारण २५ मिलिव्होल्ट, कारण त्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं जे फँटम पॉवरवर, म्हणजे इंटरफेसने माइकच्या केबलमधूनच दिलेल्या ४८ व्होल्टवर, चालतं. म्हणजे एकाच माणसाने एकाच अंतरावरून बोललं तरी या दोघांत २७ डेसिबलचा फरक पडतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं बघा. शांतपणे निवेदन करणारा माणूस माइकपासून चार बोटांवर बसला तर माइकवर धरा ८० डेसिबल पोचतात. एसएम७बी मधून निघतात ०.२२ मिलिव्होल्ट, एनटी१ए मधून ५ मिलिव्होल्ट. पहिल्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो आणि दुसऱ्याचं काम ३५-४० मध्ये भागतं. फोकसराइट स्कार्लेट २आय२ या इंटरफेसच्या थर्ड जनरेशनमध्ये गेनची रेंज ५६ डेसिबल आहे, फोर्थ जनरेशनमध्ये ती ६९ केली. म्हणजे जुन्या मॉडेलवर एसएम७बी लावून हळू आवाजात कथा वाचायला बसलात तर नॉब शेवटपर्यंत फिरवूनही लेव्हल वर येत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं इंटरफेस खराब आहे. इंटरफेस खराब नसतो हो, जोडी जुळलेली नसते.

उलट बाजूही ऐका. तबल्यासमोर कंडेन्सर जवळ लावला आणि चाटीवर दणकून ठोका पडला, समजा ११४ डेसिबल, तर २५ मिलिव्होल्टवाला माइक सरळ पाव व्होल्ट देतो. इथे गेन जवळजवळ लागतच नाही, इथे लागू शकतो पॅड, म्हणजे सिग्नल आत शिरतानाच कमी करणारं बटण, नाहीतर काही इंटरफेसवर गेन शून्यावर ठेवूनही आवाज फाटू शकतो. तबला, ढोलकी, पखवाज रेकॉर्ड करणाऱ्यांनी म्हणून जास्तीत जास्त गेन किती हे बघत बसू नये, इनपुट किती मोठा सिग्नल झेलतं आणि पॅडचं बटण आहे का ते बघावं.

नॉइजचा आकडा आणि तुमची खोली

प्रीअॅम्पच्या कागदावर ईआयएन नावाचा आकडा असतो, म्हणजे प्रीअॅम्पचा सगळा नॉइज त्याच्या इनपुटलाच आहे असं धरून मोजलेला नॉइज. उणे जितका जास्त तितका चांगला. आजकालच्या बऱ्यापैकी इंटरफेसमध्ये तो उणे १२७ ते उणे १२९ डीबीयूच्या (डेसिबलमध्ये व्होल्टेज मोजायचं माप) घरात असतो. आणि १५० ओहमचा नुसता रेझिस्टर, जो काहीच करत नाही, त्याचाही उष्णतेमुळे स्वतःचा नॉइज असतो साधारण उणे १३१ डीबीयू, त्याच्या खाली कुणालाच जाता येत नाही, कितीही पैसे मोजा. म्हणजे स्वस्त इंटरफेस आणि लाखभर रुपयांचा प्रीअॅम्प यांच्यात नॉइजपुरती दोन-चार डेसिबलचीच जागा शिल्लक राहते. आकडे ताडून बघताना ए-वेटेड (कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी धरून मोजलेला) लिहिलंय का तेही पाहा, त्याने आकडा दोनेक डेसिबलनी देखणा दिसतो.

आता हेच खोलीशी जोडा. उणे १२८ चा प्रीअॅम्प एसएम७बी ला लावला तर प्रीअॅम्पचा नॉइज साधारण २३ डेसिबलच्या खोलीइतका भरतो. घरातली खोली रात्री, पंखा बंद, फ्रिज लांब, अशी असली तरी ३० च्या आसपास असते, दिवसा रस्त्याकडेची खिडकी असेल तर विचारायलाच नको. एनटी१ए सारखा कंडेन्सर असेल तर प्रीअॅम्पचा नॉइज माइकच्या स्वतःच्या नॉइजच्याही खाली जातो, तिथे नॉइज कमी करायला म्हणून महागडा प्रीअॅम्प घेणं म्हणजे पैसे वाया. त्यापेक्षा माइकच्या समोर, म्हणजे तुमच्या पाठीमागे, जाड गोधडी टांगा आणि माइकच्या अर्ध्या अंतरावर या, अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात. जुना मिक्सर वापरत असाल ज्याचा ईआयएन उणे ११५ वगैरे आहे, तिथे मात्र बदलल्याचा फरक नक्की ऐकू येईल, तिथे आम्ही बदला असंच सांगू.

घूं असा जाडा आवाज येत असेल तर तो नॉइज नव्हे, तो हम आहे, त्याचा प्रीअॅम्पच्या दर्जाशी बहुतेक संबंध नसतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, गेला तर अर्थिंगचा लोचा आहे. पंख्याचा रेग्युलेटर, डिमर, इन्व्हर्टर हेही एकेक बंद करून बघा. हम जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कुणी काढा म्हणाला तर अजिबात ऐकू नका, शॉक बसेल.

मग वेगळा प्रीअॅम्प कुणी घ्यावा

डायनॅमिक किंवा रिबन (आत धातूची पातळ पट्टी असलेला) माइक आहे, समोर हळू आवाज आहे, तानपुरा किंवा अगदी हळुवार बोलणं, आणि इंटरफेसचा गेन ५०-५५ लाच संपतो, अशांना गरज खरीच आहे. पण इथेही आधी इनलाइन बूस्टर, म्हणजे वाटेतच सिग्नल वाढवणारा छोटा डबा, बघा. क्लाउडलिफ्टर २५ डेसिबल देतो, फेटहेड २७, दोन्ही इंटरफेसच्या फँटमवर चालतात, माइक आणि इंटरफेसच्या मधे लावायचे, संपलं. नवीन माइकच घेणार असाल तर शुअरने २०२३ मध्ये एसएम७डीबी काढलाय, त्यात बूस्टर आतच आहे, १८ किंवा २८ डेसिबलचा. आणि इंटरफेस जुना असेल तर जास्त गेनचा नवा इंटरफेसच परवडतो, हिशेब करून बघा.

दुसरे म्हणजे भजनी मंडळ किंवा बँडवाले, ज्यांना एका वेळी सहा-आठ माइक लागतात. त्यांनी आठ चॅनलचा प्रीअॅम्प घ्यावा ज्याला अॅडाट ऑप्टिकल आउट (प्रकाशाच्या केबलमधून बरेच चॅनल एकदम पाठवणारं डिजिटल सॉकेट) आहे, ४८ किलोहर्ट्झला एका केबलमधून आठ चॅनल जातात, ९६ ला चारच. इंटरफेसला अॅडाट इनपुट आहे याची खात्री आधी करा, दिसायला सारखंच असलेलं ऑप्टिकल सॉकेट कधीकधी फक्त एसपीडीआयएफचं, म्हणजे दोनच चॅनलचं, असतं.

तिसरे आवाजाच्या रंगाच्या मागे असलेले. १९७० चा नीव्ह १०७३ हा स्टुडिओतला प्रीअॅम्प, त्याच्या ट्रान्सफॉर्मरमुळे येणारा तो भरीव खर्ज, पुढे सरकून आल्यासारखा गळा, हे खरं आहे, आम्ही त्याचे चाहते आहोत आणि त्याच्या सर्किटवर बनवलेले प्रीअॅम्प आज बऱ्याच कंपन्यांचे मिळतात. पण हा रंग गेन चढवून आउटपुट खाली घेतलं की दिसतो, नुसता माइक लावून साधा गेन ठेवला तर फरक फार थोडा असतो. स्वस्त ट्यूबवाल्या डब्यांबद्दल मात्र सांभाळून. त्यात १२एएक्स७ ट्यूब असते खरी, पण बऱ्याचदा तिला जितके व्होल्ट हवेत त्याच्या कितीतरी कमीवर चालवतात, खरं काम बाजूच्या आयसी करतात. आवडला आवाज तर जरूर घ्या, आतून लाल उजेड दिसतो म्हणून नको.

घेतलाच तर जोडायचा कसा

इथे हमखास गोंधळ होतो. प्रीअॅम्पचं आउटपुट इंटरफेसच्या एक्सएलआर (तीन पिनच्या माइकच्या) इनपुटमध्ये लावायचं नाही, कारण बहुतेक कॉम्बो जॅकमध्ये, म्हणजे एक्सएलआर आणि पाव इंची अशी दोन्ही भोकं एकत्र असलेल्या सॉकेटमध्ये, एक्सएलआरचं भोक थेट माइक प्रीअॅम्पला जातं आणि मग एका प्रीअॅम्पमधून दुसऱ्यात असा सिग्नल फाटत जातो, वर फँटम चालू राहिलं तर ते उलट दिशेने प्रीअॅम्पच्या आउटपुटमध्ये घुसतं. एक्सएलआर फिमेल ते टीआरएस (तीन संपर्कांचा पाव इंची प्लग) अशी बॅलन्स्ड केबल घ्या, मधल्या पाव इंची भोकात लावा, लाइन निवडा, इन्स्ट्रुमेंटचं बटण बंद. बऱ्याच स्वस्त इंटरफेसमध्ये लाइन इनपुटही पॅडमधून त्याच आतल्या प्रीअॅम्पकडे जातं, तिथे गेन अगदी खाली ठेवा. मागे वेगळं लाइन इन असेल तर तेच वापरा. रेकॉर्डिंग २४ बिटला करा आणि सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ ते उणे १० डेसिबलवर राहू द्या, लाल दिव्याजवळ नेण्याची काही गरज नाही.

फँटमचे ४८ व्होल्ट हा आकडा १९६६ मध्ये न्यूमन या माइक बनवणाऱ्या कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी माइक बनवले तेव्हा ठरला, त्यांच्या स्टुडिओत दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीच होती. आजही तेच चालतं. फँटम चालू-बंद करताना स्पीकरचा आवाज खाली घ्या, माइक आधी लावा मग बटण दाबा, आणि जुना रिबन माइक असेल तर फँटम बंदच ठेवा.

दुकानात येताना तुमचा माइक, तुमची केबल आणि नेहमीचे हेडफोन घेऊन या, दोन-तीन प्रीअॅम्प लावून तुमच्याच आवाजात ऐकवतो, घाई नाही. जमलं तर घरी नेहमीच्या जागी बसून अर्धा मिनिट काही न बोलता आणि अर्धा मिनिट बोलून एक वॅव फाइल करून आणा, गेन किती होता ते लिहून ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेज करून नको, त्यात आवाज दाबला जातो आणि नॉइज किती आहे ते आम्हाला कळत नाही.