काजूची भट्टी आणि भीतीचा चुकलेला पत्ता

काजूच्या फेणीच्या भट्टीचा विषय निघाला की सगळे आधी मिथेनॉलची, म्हणजे विषारी मद्यार्काची, धास्ती घेतात. 'पहिली धार फेका, विष निघून जातं,' हा सल्लाही ठरलेला. पहिली धार फेकायचीच, पण कारण वेगळे. २० लिटर आंबलेल्या नीऱ्यामागे (नीरो म्हणजे काजूच्या बोंडांचा रस) पहिले १०० मिली टाकले, की त्यातून ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट, म्हणजे नाकाला झोंबणारा, नेलपॉलिशसारखा वास, बराचसा जातो. फळातल्या पेक्टिनपासून तयार होणारे थोडेसे मिथेनॉल मात्र पाणीदार रसातून पहिल्या धारेत गोळा होत नाही, शेवटपर्यंत थोडे थोडे येत राहते. विषारी दारूचे मोठे बळी जातात ते बहुधा कारखान्यातले मिथेनॉल मिसळल्याने. दारू पेटवून ज्योतीच्या रंगावरून ते ओळखता येत नाही.

भट्टीवरचा खरा धोका वाफेचा. ६ टक्के मद्यार्काचा नीरो ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो आणि सुरुवातीच्या वाफेत मद्यार्क ४० टक्क्यांच्या पुढे असतो. धार ओढत राहिले की जोर उतरतो, आणि सगळे मिळून साधारण १५ टक्क्यांचा हुर्राक हाती येतो. तो पुन्हा गाळल्यावर ४२ टक्क्यांच्या आसपासची फेणी. ४० टक्क्यांचे मद्य २६ अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ सोडते. एप्रिलमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सावलीलाही पारा त्याच्या वर असतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत पोचते. म्हणून धार पडते ते भांडे जाळापासून निदान दोन मीटर लांब, मध्ये आडोसा, आणि जागा उघडी. मद्यार्काची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. हाताशी ओले गोणपाट आणि भरपूर पाणी हवेच.

भाण, म्हणजे रस उकळायचे भांडे, दोन तृतीयांशच भरायचे, रस आधी गाळून घ्यायचा. चोथा तळाला करपतो. फेस चढला तर तोच चोथा नळीत अडकतो. वाट बंद झाली की दाब वाढतो, म्हणून नळीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह किंवा बूच कधीच नको. सांध्यांना कणकेचा लगदा लावावा: वाफ धरतो, पण दाब वाढला तर आधी तोच उडतो, भाण नाही. रबर आणि प्लॅस्टिक नको. शिशाचे डाग दिलेली नळी किंवा गाडीचा जुना रेडिएटर तर अजिबात नको, शिसे थेट दारूत उतरते. तांबे चांगले, ते गंधकाचा वास ओढून घेते. मात्र हिरवट कळंक दिसला तर लिंबू-मीठाने घासून काढल्याशिवाय भाण चुलीवर ठेवू नये.

थंड करणारे पाणी कोमट झाले की बदलायचे. नळीतून द्रवाऐवजी वाफ दिसली तर आधी जाळ ओढायचा, मग कारण शोधायचे. शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला की थांबावे. पुढची धार चव बिघडवते.

परवान्याशिवाय गोव्यात दारू गाळता येत नाही, घरच्यापुरती असली तरी. अबकारी खात्याकडे आधी जावे लागते.

जाळ काढल्यावर नळीचे टोक धारेच्या भांड्यात बुडलेले राहू देऊ नये. भाण निवताना आत पोकळी होते आणि गाळलेली दारू उलटी आत ओढली जाते; पातळ पत्र्याचे भाण असेल तर ते चेपतेही.