दाजीपूरचे रान: शिकारीच्या राखणीपासून सातबाऱ्यावरच्या बंधनापर्यंत

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाचा विषय निघाला की बोलणे हमखास संस्थानी शिकारीपासून सुरू होते. ते चुकीचे नाही. पण आज ज्यावरून तंटे होतात ते बहुतेक सगळे १९५८ मध्ये इथे अभयारण्य झाल्यानंतरचे, त्यामुळे आधीचा भाग आटोपता घेतलेला बरा.

कोल्हापूर दरबारची शिकार दोन तऱ्हेची होती. माळावर काळविटामागे चित्ते सोडायचे. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले गेले. घाटमाथ्याच्या दाट झाडीत चित्त्याचा उपयोग नाही. तिथे हाकारे, मचाण आणि बंदूक. दरबारासाठी रान राखलेले, म्हणून इतरांची कुऱ्हाड आणि बंदूक तिथे चालत नसे. जंगल टिकले त्याचे श्रेय या राखणीला देतात आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. फक्त ज्यांची गुरे तिथे चरायची त्यांची बाजू या गौरवात येत नाही.

त्या काळाची ठळक खूण म्हणजे बेनझीर व्हिला. भोगावती नदीवरच्या राधानगरी धरणाच्या परिसरात महाराजांनी बांधलेला हा बंगला पुढे जलाशयाच्या पाण्यात सापडला. उन्हाळ्यात पाणी उतरले की तो उघडा पडतो, डागडुजीची मागणी होते आणि तेवढ्यात मृग लागतो.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५८ मध्ये गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य जाहीर झाले. ‘महाराष्ट्रातले पहिले’ असे त्याचे वर्णन करतात, पण तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हते; निर्णय मुंबई राज्याचा. जुन्या शिकारीच्या रानालाच नवे नाव मिळाल्यासारखे झाले आणि फारशी कुरबुर झाली नाही.

गुंता झाला तो १९८५ च्या वाढीव हद्दीने. राधानगरी आणि काळम्मावाडी या दोन्ही जलाशयांचा परिसर कवेत घेऊन क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटरच्या घरात गेले. दाजीपूरचे नाव मागे पडून राधानगरीचे पुढे आले. या हद्दीत वनखात्याच्या जमिनीबरोबर वाड्या-वस्त्या आणि मालकीची शेतेही आली. त्या वेळच्या वन्यजीव कायद्याची रचनाच अशी होती की सरकारने आधी अभयारण्य जाहीर करायचे आणि लोकांच्या हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी त्यानंतर करायची. ‘आधी इरादा, मग चौकशी, मग अंतिम घोषणा’ हा क्रम १९९१ च्या दुरुस्तीने आला. चौकशी होता होईल तो दोन वर्षांत संपवावी, हे बंधन तर त्याहून नंतरचे.

चौकशी संपेपर्यंत काय होते? अधिसूचना निघाली की त्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क निर्माण होत नाही. म्हणजे बापाची जमीन मुलाच्या नावावर चढते, पण मुलीच्या लग्नासाठी दोन गुंठे विकायचे म्हटले तर वाट बंद. चराईचे, जळणाचे, देवराईतल्या जत्रेचे प्रश्न याच्याच पोटात. जंगल वाचवायला हद्द मोठी हवी होती, यात शंका नाही. पण हक्कांचा निवाडा लांबला की झळ गावाला बसते, जंगलाला नव्हे, हे त्या निर्णयाचे गुणगान करताना विसरले जाते.

पुढच्या काळात घडामोडींची गर्दी झाली. सड्यांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळ पठारांवरच्या, बॉक्साइटमुळे खाणींचा वाद परिसरात पेटत राहिला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांसोबत राधानगरीलाही जागतिक वारशाचे स्थान मिळाले. आतल्या काही वस्त्यांनी पुनर्वसन पत्करले. राहिलेल्यांना रस्ता, वीज, मोबाइलची रेंज अशा प्रत्येक गोष्टीसाठी वनखात्याच्या परवानगीकडे डोळे लावावे लागतात.

शिवाय गवा आता हद्द मानत नाही. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला, रानाच्या कडेपर्यंत आला आणि गव्याला बारमाही हिरवा चारा मिळाला. २०२१ च्या डिसेंबरात तर गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले. संस्थानी काळात गवा पाहायला दाजीपूर गाठावे लागे. आता पंचनाम्यासाठी तलाठी आणि वनरक्षक यांना गव्याच्या मागोमाग उसाच्या फडात जावे लागते आणि भरपाईची रक्कम हा ग्रामसभेतला कायमचा विषय होऊन बसला आहे.