टर्बो, उष्णता आणि पुण्याची हवा

पेट्रोल इंजिनाची ताकद पेट्रोलवर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. खरे पाहता ती हवेवर ठरते. पेट्रोल पाहिजे तेवढे फवारता येते. परंतु एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते आणि ही हवा सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच मिळते. १.६ लिटर क्षमतेचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांमागे जेमतेम १.६ लिटर हवा ओढते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या गतीला हा हिशोब ४,८०० लिटरवर जातो. मात्र ज्वलनाच्या दृष्टीने लिटरपेक्षा वजन महत्त्वाचे असते. मुंबईत ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१६ किलो भरते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात, एप्रिलमधल्या ३८ अंशांच्या दुपारी, ते १.०६ किलोपर्यंत उतरते. तेच इंजिन, तेच पेट्रोल, पण हवा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

इंजिन मोठे न करता त्यात जास्त हवा कोंबायची, तर टर्बोचार्जर हा मार्ग आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमध्ये पेट्रोलमधल्या ऊर्जेचा मोठा वाटा तसाच शिल्लक असतो. हे वायू एका छोट्या टर्बाइनवर सोडायचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या कॉम्प्रेसरच्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलायची, एवढीच त्यामागची योजना. यंत्र मात्र फार नाजूक आहे. कॉम्प्रेसरचे ५० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला दीड लाख फेऱ्या घेऊ लागले, की त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ३९० मीटरच्या घरात जातो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्याही पुढे. एका बाजूला ९०० अंशांचे वायू आणि चार बोटांच्या अंतरावर बाहेरची हवा, अशा स्थितीत हा दांडा केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरत असतो.

छोट्या स्पोर्ट्स कारचे उदाहरण घ्यायचे, तर १९८९ साली आलेली माझदाची मियाटा सोयीची आहे. ही गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. परंतु जगभरच्या हौशी मेकॅनिकांनी सर्वांत जास्त टर्बो जिच्यावर चढवले, त्या गाड्यांत तिचा क्रमांक वरचा आहे. तिचे सुरुवातीचे १.६ लिटरचे इंजिन ११६ अश्वशक्तीचे होते आणि त्याचे दाबगुणोत्तर, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण पेटण्यापूर्वी आकाराने किती पट आवळले जाते ते प्रमाण, ९.४ होते. याच घराण्यातले टर्बो इंजिन माझदाने आपल्या ३२३ या गाडीत बसवले, तेव्हा दाबगुणोत्तर ७.९ पर्यंत खाली आणले. कारखान्याने एवढी ताकद आधीच का सोडून दिली, हे समजले की ट्यूनिंगचे निम्मे शास्त्र समजले.

हवा दाबली की ती तापते, आणि घोडे पेंड खाते ते इथेच. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देते, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडते. पुण्यात बाहेरचा दाब सुमारे ०.९५ बार असतो. टर्बोने त्यात ०.७ बारची भर घातली, तर एकूण दाब १.६५ बार होतो, म्हणजे मूळच्या सुमारे १.७४ पट. चांगल्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ३८ अंशांची हवा त्यातून बाहेर पडताना सुमारे ११४ अंशांची झालेली असते. तापलेली हवा प्रसरण पावते. त्यामुळे दाब ७४ टक्क्यांनी वाढूनही हवेचे वजन ४० टक्क्यांच्या आसपासच वाढते. हीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीतून, नेऊन ५५ अंशांपर्यंत निववली, तर वाढ ६० टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणूनच, माझ्या मते, मर्यादित पैशात एकच गोष्ट चांगली घ्यायची असेल तर ती इंटरकूलर असावी. पाय अॅक्सिलरेटरवरून काढताच साठलेला दाब बाहेर सोडणाऱ्या चकचकीत ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा फुसकारा ऐकायला छान वाटतो, पण त्याने सिलिंडरमध्ये ग्रॅमभरही हवा वाढत नाही.

अश्वशक्ती हा उष्णतेच्या हिशोबातला गौण भाग आहे. मुख्य भाग आहे नॉकिंग, आणि माझदाने दाबगुणोत्तर उतरवले तेही त्याच्याच भीतीने. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून कडेकडे शिस्तीत सरकत जावी, अशी अपेक्षा असते. परंतु कोपऱ्यात उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटले, तर सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आदळू लागतात. मियाटासारख्या ७८ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरमध्ये या लाटा सेकंदाला सुमारे सात हजार वेळा कंप पावतात आणि ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर नेमकी हीच कंपने टिपण्यासाठी जुळवलेला असतो. भोसरीच्या एमआयडीसीत इंजिनकाम करणाऱ्या शेडमध्ये नॉकिंगने गेलेला पिस्टन पाहायला मिळाला, तर अवश्य हातात घेऊन पाहावा. त्याच्या माथ्याच्या कडेला बारीक खड्ड्यांचा खरखरीत पट्टा असतो, पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधल्या अल्युमिनियमच्या काठाचा तुकडा निखळलेला असतो, आणि त्याच सिलिंडरच्या स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर चंदेरी ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे पिस्टनचेच वितळून उडालेले अल्युमिनियम होय.

या प्रश्नाने मोठमोठ्यांनाही घाम फोडला आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बोची गाडी बाजारात आणली. इंजिनाचे दाबगुणोत्तर १०.२५ एवढे चढे ठेवल्याने नॉकिंग रोखण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण हवेत फवारावे लागे, आणि त्याची वेगळी टाकी मालकाने भरायची असे. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप तोडला जाई. पुष्कळ मालक ती भरतच नसत. साहजिकच ही गाडी १९६३ नंतर बंद झाली.

आज हेच काम ठिणगीचा क्षण आणि इंधनाचे प्रमाण यांवर नियंत्रण ठेवून केले जाते आणि त्यालाच गॅरेजमध्ये मॅपिंग म्हणतात. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक. त्याच्या तक्त्यात एका बाजूला फेऱ्या आणि दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला, दाब असतो. प्रत्येक चौकटीत ठिणगी किती अंश आधी टाकायची, हे लिहिलेले असते. दाब वाढला की ठिणगी उशिरा टाकावी लागते. दर पौंड (सुमारे ०.०७ बार) दाबामागे सुमारे एक अंश, असा मेकॅनिकांचा ढोबळ आडाखा आहे. मात्र ती फारच उशिरा टाकली, तर ज्वलन लांबून एक्झॉस्टचे तापमान चढते आणि व्हॉल्व्ह व टर्बाइन भाजून निघतात. म्हणून चांगला ट्यूनर डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एकेका अंशाने पुढे सरकतो आणि टॉर्क (इंजिनाचे फिरवणारे बल) वाढायचा थांबला किंवा नॉकची पहिली चाहूल लागली, की दोन पावले मागे येऊन थांबतो. जास्त दाबाला मिश्रणही मुद्दाम गडद, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, ठेवतात. किलोभर पेट्रोलमागे हवा १४.७ ऐवजी ११.५ ते १२ किलोच्या दरम्यान. ज्यादा पेट्रोल जळत नाही, पण बाष्प होताना सिलिंडरमधली उष्णता शोषून घेते.

इथे आपल्याकडच्या पेट्रोलचा वेगळा विचार करावा लागतो. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा हातभार आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याचे माप, चढा असतो आणि बाष्प होताना ते वजनास वजन पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. टर्बोसाठी हे दोन्ही गुण हवेहवेसे आहेत. मात्र त्याला जळायला हवा कमी लागते, किलोमागे सुमारे नऊ किलो. म्हणून या मिश्रणाचे योग्य प्रमाण १४.७ वरून १३.५ च्या आसपास येते. परदेशातून आणलेला तयार मॅप तसाच चढवला, तर मिश्रण वाटते त्यापेक्षा पातळ राहते. यासाठी जाणकार ट्यूनर एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरवरचा लॅम्ब्डा, म्हणजे प्रत्यक्ष हवा ही पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या किती पट आहे ते, पाहतो. लॅम्ब्डा ०.८ म्हणजे इंधन कोणतेही असो, गडदपणा तेवढाच.

इंजिनाच्या आतल्या भागांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे, की टर्बो बसवला म्हणजे सगळेच फोर्ज्ड, म्हणजे ओतण्याऐवजी दाबून घडवलेले, हवे. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला ताणणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्यांची मर्यादा तीच ठेवली तर टर्बोने ते फारसे बदलत नाही. टर्बो रॉडला दाबतो, वाकवतो, आणि सर्वांत जास्त वाकवतो तो तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर, जेव्हा टॉर्क एकदम उसळतो. म्हणूनच खालच्या फेऱ्यांवर दाब हळूहळू चढू देणारा मॅप मूळच्या रॉडचे आयुष्य पुष्कळ वाढवतो. अर्थात ताकद दुप्पट करायची असेल, तर तप्त पोलाद दाबून घडवलेले रॉड हवेतच. फोर्जिंगची ही विद्या पुण्याला नवी नाही. मुंढव्याच्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट जगभरच्या इंजिनांत फिरत आहेत. फोर्ज्ड पिस्टन मात्र ओतीव पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावतात, त्यामुळे त्यांना सिलिंडरमध्ये जागा जास्त सोडावी लागते, आणि डिसेंबरच्या सकाळी इंजिन सुरू करताच पहिली काही मिनिटे ते खडखडतात. तो आवाज ऐकून घाबरण्याचे कारण नाही.

उंचीचा मुद्दा पुण्याहून महाबळेश्वरला जाताना चांगला लक्षात येतो. तिथे, सुमारे १,३५० मीटरवर, हवेचा दाब ०.८६ बारपर्यंत उतरतो. साधे इंजिन समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे १५ टक्के हवा गमावते. टर्बोचा वेस्टगेट, म्हणजे जास्तीचे एक्झॉस्ट वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, स्प्रिंगवर चालत असेल, तर तो बाहेरच्या दाबावर ०.७ बारची भर कायम ठेवतो, म्हणून एकूण दाब समुद्रसपाटीवरच्या १.७१ बारवरून १.५६ वर येतो आणि तोटा नऊ टक्क्यांपुरताच राहतो. ईसीयू वेस्टगेट मिटून हाही तोटा भरून काढू शकतो. पण त्यासाठी टर्बोला आणखी वेगाने फिरावे लागते आणि हवा आणखी तापते. टर्बोला सुरुवातीला महत्त्व आले तेही उंचीमुळेच. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाच्या लिबर्टी इंजिनावर टर्बो बसवून सुमारे १४,००० फूट उंचीच्या पाइक्स पीकवर त्याची चाचणी घेतली होती.

रस्त्यावरच्या गाडीबाबत कायद्याची अडचण लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. म्हणजे हे सारे प्रयोग ट्रॅकसाठी ठेवलेल्या गाडीवरच शोभतात.

शेवटी डायनोच्या कागदाविषयी. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक प्रत्यक्ष मोजलेला आणि दुसरा हवामानानुसार सुधारलेला. ही सुधारणा साध्या इंजिनासाठी बेतलेल्या सूत्राने होते. पुण्यातल्या उन्हाळी दुपारी ती सुमारे दहा टक्क्यांची भर घालते. ज्या टर्बो इंजिनाचा ईसीयू एकूण दाब स्वतःच कायम राखतो, त्याने उंचीमुळे होणारा तोटा मुळात सोसलेलाच नसतो. तरीही सूत्र त्याची भरपाई देऊन मोकळे होते आणि १८० अश्वशक्तीची गाडी कागदावर १९८ ची होते. दोन गाड्यांची तुलना करायची असेल, तर दोन्हींचे न सुधारलेले आकडे एकाच दिवशी, एकाच डायनोवर घ्यावेत आणि त्यांच्या शेजारी इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान लिहून ठेवायला सांगावे.