क्लाउड संगणन : खानदेशातील सामाजिक संस्थांचा वापर

क्लाउड संगणन किंवा मेघ संगणन म्हणजे स्वतःचा सर्व्हर न घेता, दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकांवरची साठवण, सॉफ्टवेअर आणि गणनक्षमता इंटरनेटवरून लागेल तेवढी वापरण्याची पद्धत. सामाजिक संस्थेच्या व्यवहारात तिचा अर्थ याहून साधा असतो : संस्थेचे दप्तर कार्यालयातल्या एकाच संगणकात अडकून न पडता, ज्याला परवानगी आहे त्याला कुठूनही उघडता येईल अशा जागी असणे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतल्या लहान संस्थांमध्ये ही पद्धत सहसा ठराव करून येत नाही. शिबिराचे फोटो कुणी कार्यकर्ता आपल्या ड्राइव्हवर टाकतो, लिंक गटात पाठवतो, आणि संस्था क्लाउडवर गेलेली असते. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या सुरुवातीतच आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये केलेली व्याख्या आजही प्रमाण मानतात. मागताक्षणी मिळणे, नेटवर्कवरून पोहोचणे, सामायिक साठा, गरजेप्रमाणे वाढ-घट आणि मोजून वापर ही तिच्यातली पाच लक्षणे. नुसती यंत्रणा, विकासाचा मंच आणि तयार सॉफ्टवेअर असे सेवेचे तीन प्रकार सांगितले जातात. संस्थांचा संबंध बहुधा तिसऱ्याशीच येतो. ‘ढग’ हा शब्द मात्र फसवा आहे. माहिती जमिनीवरच असते, थंड ठेवलेल्या इमारतींत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. असे असले तरी मोफत खात्यातली माहिती भारतातच राहील असे गृहीत धरता येत नाही.

खानदेशाची परिस्थिती

जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे. त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. संस्थेचे कार्यालय तापीकाठच्या सपाटीवर, शहरात किंवा तालुक्याच्या गावी, आणि काम सातपुड्यात, अशी विभागणी इथे नेहमीची. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत आणि रेंज मिळणे-न मिळणे वळणावळणावर बदलते. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली गावात दिला गेला. म्हणजे मध्यवर्ती संगणकात माणसांची नोंद करण्याचा देशव्यापी उद्योग याच जिल्ह्यातून सुरू झाला.

उन्हाळा हाही तांत्रिक घटक धरावा लागतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. पत्र्याच्या छताखालचा संगणक आणि त्याला लटकलेली एकुलती एक हार्डडिस्क यांच्या भरवशावर दहा वर्षांचे काम ठेवणे हा जुगारच.

रेंज नसताना नोंद

सतत इंटरनेट लागते हा क्लाउडवरचा पहिला आक्षेप. क्षेत्रकामापुरता तो बराचसा सुटलेला आहे. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेले ओडीके (ओपन डेटा किट), त्याच धर्तीचे कोबो टूलबॉक्स, भारतात तयार झालेले अवनी ही मुक्तस्रोत साधने फोनमध्येच नोंद धरून ठेवतात. कार्यकर्ती सकाळी तालुक्याच्या गावी कोरा फॉर्म फोनवर उतरवून घेते. पाड्यावर बाळाचे वजन, दंडाचा घेर, आईचे नाव भरते. भरलेले फॉर्म ‘पाठवायचे बाकी’ या यादीत साचत जातात. संध्याकाळी परतताना घाट उतरला, फोनला रेंज आली, की ते एकेक करून जातात. फोटो मोठे असतील तर निम्मे अडकतात. यादी रिकामी झाल्याशिवाय अ‍ॅप काढायचे नाही किंवा फोन दुरुस्तीला टाकायचा नाही, हा नियम प्रशिक्षणात सर्वांत आधी सांगावा लागतो; पाठवण्यापूर्वी फोन पुसला गेला तर त्या दिवसाची पायपीट वाया.

खरी कसोटी नोंदींच्या जुळणीत लागते. वसावे, पाडवी, वळवी, पावरा ही आडनावे एकेका पाड्यात घरोघर असल्याने नाव-आडनावावरून मूल ओळखता येत नाही. अक्राणी तालुक्याचे ठिकाण धडगाव, त्यामुळे एकच तालुका एका यादीत अक्राणी तर दुसरीत धडगाव. त्यात दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. नोव्हेंबरात वजन घेतलेले मूल फेब्रुवारीत बारडोलीकडच्या पडावावर, म्हणजे तोडणी कामगारांच्या तळावर असते. प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत स्वतंत्र क्रमांक दिला आणि दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना एकच नोंद दिसत असली, तरच ते एक मूल म्हणून मोजले जाते. वहीत हे जमत नाही. क्लाउडचा खर्च इथे वसूल होतो; फोटो साठवण्यासाठी तो करणे ही चैन.

फॉन्टचा अडथळा

जुने दप्तर क्लाउडवर चढवताना सर्वाधिक वेळ खाते ते मराठी अक्षर. लाभार्थ्यांच्या याद्या, इतिवृत्ते, प्रकल्प अहवाल वर्षानुवर्षे श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टांत टंकलेले असतात. या फायलींत आत साठवलेली असतात रोमन अक्षरांची चिन्हे. फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या ब्राउझरात यादी उघडली की गावांच्या नावांऐवजी कंस, उद्गारचिन्हे आणि रोमन अक्षरांची रांगोळी दिसते. शोध चालत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, रूपांतर करणारी साधने आहेत, पण जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते आणि रफार नंतर. त्यामुळे शिरपूरची वेलांटी सरकते, जोडाक्षरे सुटतात. हाताने तपासण्याला पर्याय नाही, आणि हे काम निविदेत कुणीच धरत नाही. बोलून टंकण्याची सोय मराठीला बरी साथ देते. इथली अहिराणी मात्र तिला कळत नाही : ‘कथा जाई ऱ्हायना’ (कुठे चाललास) म्हटले की तिला त्यात गोष्टच ऐकू येते.

दान, पात्रता आणि पैसे

ना-नफा संस्थांना गूगल, मायक्रोसॉफ्ट, सेल्सफोर्स या कंपन्या काही सेवा मोफत किंवा सवलतीत देतात. सेल्सफोर्सच्या, म्हणजे संपर्क-नोंदींच्या सॉफ्टवेअरच्या, वापराचे पहिले दहा परवाने मोफत असतात. १९८७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली टेकसूप ही संस्था अशा देणग्यांची जगभरातली मोठी मध्यस्थ आहे. भारतात १८६० च्या अधिनियमाखालची सोसायटी, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालचा न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी अर्ज करू शकते. शाळांसाठी गूगलची वेगळी शैक्षणिक योजना आहे. अर्ज अडतो तो बहुधा नावाच्या स्पेलिंगवर : धर्मादाय कार्यालयाचे प्रमाणपत्र मराठीत, पॅनवर त्याचे इंग्रजी रूप वेगळे, बँकेत तिसरेच.

दान कायमचे नसते. मायक्रोसॉफ्टने आपल्या कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या ‘बिझनेस प्रीमियम’ योजनेचे दहा मोफत परवाने जुलै २०२५ पासून देणे थांबवले. बेसिक योजनेतले मोफत परवाने राहिले. फुकट मिळाले म्हणून सगळे काम एकाच कंपनीच्या साच्यात ओतताना हे लक्षात असावे.

मोफत मर्यादा संपली की वेगळीच गाठ पडते. न्यासाचे बँक खाते दोन सह्यांच्या धनादेशावर चालते आणि क्लाउड कंपनीला हवे असते कार्ड. मग सचिव किंवा कुणी कार्यकर्ता स्वतःच्या कार्डावरून भरतो, नंतर व्हाउचर करून घेतो आणि लेखापरीक्षक त्यावर शेरा मारतो. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना परदेशी योगदान कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो (आधी मर्यादा ५० टक्के होती). त्यामुळे क्लाउडचे हे भाडे प्रकल्पखर्चात की प्रशासनात, हा वाद दरवर्षी निघतो. प्रस्तावातच ‘क्षेत्रनोंद प्रणाली’ असे वेगळे शीर्षक मागून घेणे बरे.

मालकी कुणाची?

तंत्रज्ञानापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. संस्थेचे ड्राइव्ह एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी जीमेलवर असते, पासवर्ड त्याला पाठ, ओटीपी त्याच्या मोबाईलवर. त्याला जिल्हा परिषदेत नोकरी लागते किंवा तो सुरतेला जातो, आणि सीएला कागद लागतात नेमके तेव्हा त्याचा नंबर बदललेला असतो. दोन वर्षे न वापरलेली खासगी खाती मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल होतो. ड्राइव्हचा मालक बदलला तर कुठल्याच फाईलला त्याची खबर नसते.

उपाय साधे आहेत. संस्थेच्या नावाचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घ्यावे आणि त्याचे नूतनीकरण कीर्दीत दिसावे. क्लाउड खात्याचे किमान दोन प्रशासक असावेत, त्यांपैकी एक विश्वस्त. ओटीपीचे सिम संस्थेच्या नावावर घेऊन कार्यालयातल्या फोनमध्ये ठेवावे, आणि प्रशासक कोण हे सभेच्या इतिवृत्तात लिहावे.

गोपनीयता

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ना-नफा संस्थांनाही लागू आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागेल. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. भिल्ल, पावरा समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या नंदुरबारात होत असतात. एखाद्या मुलीचा अहवाल ‘लिंक असलेल्या कुणालाही’ या खुणेने गटात फिरला, तर तिच्या लग्नाच्या बोलणीत तो निघू शकतो. ही खूण बदलायला दोन टिचक्या पुरतात, तरी ती सर्रास तशीच राहते.

संग्रह आणि प्रती

धुळ्यात १९२७ साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर यांच्यामुळे हस्तलिखिते जपण्याची परंपरा खानदेशाला परकी नाही. पोथ्यांच्या स्कॅनना मात्र नेहमीचे मोफत ड्राइव्ह पुरत नाही. उत्तम दर्जाच्या प्रतिमा वजनदार असतात, आणि क्वचित लागणाऱ्या फायलींसाठीची स्वस्त ‘थंड’ साठवण परत काढताना वेगळे शुल्क आकारते. अशा संग्रहांनी मूळ प्रतिमा दोन हार्डडिस्कांवर दोन वेगळ्या इमारतींत ठेवून, वाचण्याजोगी हलकी प्रत तेवढी क्लाउडवर देणे परवडते.

इतर संस्थांनाही स्थानिक प्रत लागतेच. ती ३१ मार्चला हिशेब बंद करताना उतरवून घेण्याची सवय सोयीची : लेखापरीक्षणासाठी कागद काढलेलेच असतात, आणि डिस्क पावतीपुस्तकांच्या त्याच लोखंडी कपाटात, वर्ष लिहून ठेवता येते.